कोपराखालचे दोन इलेक्ट्रोड

स्नायू आवळला की त्वचेवर अगदी क्षीण विद्युतसंकेत उमटतो. तो पकडायचा, वाढवायचा आणि त्यावर कृत्रिम हाताची बोटं मिटवायची, हा आमचा प्रकल्प. इलेक्ट्रॉनिक्स, मेकॅनिकल आणि संगणक विभागांतले शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी, आम्ही दोन शिक्षक आणि जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या फिजिओथेरपी विभागाची साथ. कोपराखाली हात गमावलेल्या माणसाला ग्लास धरता यावा, पिशवी उचलता यावी, इतपत उद्दिष्ट. ज्यांना असंच काही करायचं आहे त्यांच्यासाठी ही प्रक्रिया जशी घडली तशी लिहीत आहोत. हात थ्रीडी प्रिंटरवर छापून जोडायला सहा आठवडे लागले. संकेत नीट मिळायला पूर्ण दोन शैक्षणिक सत्रं गेली. आणि बोटांत दिसलेल्या बहुतेक बिघाडांचं मूळ शोधत गेलं की आम्ही पुन्हा त्वचेपाशीच येत होतो.

पहिला कागद परवानगीचा. माणसाच्या अंगावर इलेक्ट्रोड चिकटवून माहिती घ्यायची आणि त्यावर संशोधन म्हणून लिहायचं, तर नैतिकता समितीची मान्यता आधी लागते. नंतर घेतलेली चालत नाही. अभियांत्रिकी महाविद्यालयांत अशी समिती सहसा नसते. म्हणून वैद्यकीय महाविद्यालयातल्या शिक्षकांना सहसंशोधक करून त्यांच्या नोंदणीकृत समितीकडे अर्ज केला. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे या समितीत ७ ते १५ सदस्य असतात, अध्यक्ष संस्थेबाहेरचा असतो, आणि डॉक्टरांबरोबर कायदा जाणणारी व्यक्ती व सामान्य नागरिकही असतात. अर्ज त्या सामान्य नागरिकाला कळेल असा लिहावा. आमचा पहिला मसुदा तसा नव्हता. पाच पानांत ॲम्प्लिफायर होता, आणि भाग घेणाऱ्याला नेमकं काय चिकटवणार, किती वेळ, काय खुपेल, मध्येच उठून जायचं असेल तर काय, हे अर्ध्या पानात. प्रमाण उलटं करून पाठवला तेव्हा पुढे सरकला.

समितीचा एक प्रश्न सगळ्यांनी मनावर घ्यावा असा होता. सुरुवातीच्या चाचण्या आम्ही आमच्याच विद्यार्थ्यांवर करणार होतो. शिक्षकानं सांगितल्यावर विद्यार्थी खरंच नाही म्हणू शकतो का? विद्यार्थी-शिक्षक नात्यातली ही उतरंड त्याच तत्त्वांत असुरक्षित गटांच्या संदर्भात आलेली आहे. उपाय म्हणून संमती घेण्याचं काम अशा सहकाऱ्याकडे दिलं ज्यांच्या हातात त्या मुलांचे गुण नव्हते, आणि कोण आलं, कोण आलं नाही ही यादी आम्हा दोघांना निकालापर्यंत दिसली नाही.

संमतीपत्र मराठीत हवं, आणि मराठीतून पुन्हा इंग्रजीत करून अर्थ तोच राहतो का हे दुसऱ्या व्यक्तीनं तपासायला हवं. आम्ही घेतलेल्या नमुन्याच्या फॉर्मवर खाली ‘सही किंवा उजव्या हाताचा अंगठा’ असं छापलेलं होतं. आमच्याकडे येणाऱ्यांपैकी काहींना उजवा हातच नसणार, हे फॉर्म छापायच्या आधी लक्षात यायला हवं होतं. मग जागा मोठी केली, कारण डाव्या हातानं सही शिकलेल्या माणसाला छोट्या रेघेवर ती मावत नाही. ‘अंगठा, कोणताही’ असं लिहिलं आणि त्रयस्थ साक्षीदाराची ओळ घातली.

आता इलेक्ट्रोड. औषधाच्या दुकानात ईसीजीचे जेलवाले, चांदी-सिल्व्हर क्लोराइडचे इलेक्ट्रोड मिळतात. काम त्यांच्यावर होतं, पण दोन अडचणी आहेत. स्नायूंच्या संकेतांसाठीच्या सेनियाम या युरोपीय शिफारशींनुसार दोन इलेक्ट्रोडच्या केंद्रांमध्ये २० मिलिमीटर अंतर हवं. मोठ्या माणसांच्या ईसीजी इलेक्ट्रोडची फोमची चकतीच ४ ते ५ सेंटीमीटरची असते. शेजारी शेजारी लावले की अंतर दुप्पट होतं आणि शेजारच्या स्नायूचा संकेतही आत येतो: बोटं मिटायला सांगितली तरी मनगट वाकवल्याचा संकेत मिसळतो. लहान मुलांचे इलेक्ट्रोड घ्यावेत, नाहीतर मोठ्यांच्या फोमची आतली कड कात्रीनं कापावी, जेलला धक्का न लावता. दुसरी अडचण उन्हाळ्याची. उघडं पाकीट विदर्भाच्या कोरड्या हवेत काही दिवस राहिलं की जेल वाळतं, आणि वाळलेला इलेक्ट्रोड दिसायला अगदी नव्यासारखाच असतो. पाकीट उघडल्याची तारीख त्याच्यावर लिहायची आणि उरलेले झिपच्या पिशवीत घट्ट बंद ठेवायचे.

जागा शोधायला शरीरशास्त्राच्या पुस्तकातल्या चित्रापेक्षा बोटं उपयोगी पडतात. माणसाला मूठ आवळायला सांगायचं आणि कोपराच्या घडीपासून चार-पाच बोटं खाली, हाताच्या आतल्या बाजूला टणक होणारा भाग चाचपायचा. मिटण्यासाठी एक जोडी तिथे, उघडण्यासाठी दुसरी जोडी मागच्या बाजूला. दोन्ही इलेक्ट्रोड स्नायूच्या धाग्यांच्या दिशेनं, आडवे नव्हेत. संदर्भाचा इलेक्ट्रोड कोपराच्या टोकावर, जिथे खाली फक्त हाड आहे. ज्यांचा हात नाही त्यांना ‘मूठ आवळा’ म्हणून भागत नाही. ‘दोन्ही हातांनी एकदम मूठ आवळतोय असं करा’ असं फिजिओथेरपिस्टनी सुचवलं, आणि असलेल्या हाताबरोबर नसलेल्या हाताचा स्नायूही हलताना बोटांना जाणवला. जखमेचा व्रण किंवा कलम केलेली त्वचा जिथे आहे ती जागा टाळायची.

त्वचा तयार करण्यात कसूर केली की पुढचं सगळं सोसावं लागतं. केस असतील तर काढायचे, स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायचं, स्पिरिट पूर्ण उडेपर्यंत थांबायचं, मगच चिकटवायचं आणि दोन-तीन मिनिटं जेल मुरू द्यायचं. घाम आला तर दोन इलेक्ट्रोडच्या मध्ये खारट पाण्याचा पूल तयार होतो आणि संकेत तिथल्या तिथे लहान होतो. म्हणून चाचणीच्या खोलीत कूलर नको, साधा पंखा चालतो. कूलरच्या दमटपणानं आमचे इलेक्ट्रोड दुपारपर्यंत सुटायला लागायचे.

संकेत किती क्षीण? त्वचेवर तो काही मायक्रोव्होल्टपासून काही मिलिव्होल्टपर्यंत असतो. अर्डुइनो उनो या छोट्या कंट्रोलर बोर्डाच्या मापनाचा एक टप्पा साधारण ४.९ मिलिव्होल्टचा, म्हणजे थेट जोडलं तर काहीच दिसणार नाही. सुमारे १००० पट वाढवावं लागतं, पण एका झटक्यात नाही. इलेक्ट्रोड आणि त्वचा यांच्यात स्वतःचाच एक स्थिर विद्युतदाब तयार होतो. दोन इलेक्ट्रोडमधला त्याचा फरक शेकडो मिलिव्होल्टपर्यंत जाऊ शकतो, हे धरूनच मंडल आखायचं. तो १००० पटींनी वाढवला की ॲम्प्लिफायर एका टोकाला जाऊन चिकटतो आणि पडद्यावर सरळ रेघ येते. म्हणून पहिल्या पायरीत एडी६२० या ॲम्प्लिफायर चिपवर ५.६ किलोओहमचा रोध, म्हणजे साधारण ९.८ पट. मग ०.१ मायक्रोफॅरड आणि ८२ किलोओहमचा हायपास (त्याखालचं अडवणारा फिल्टर), सुमारे १९ हर्ट्झचा. मग टीएल०७२ या दुसऱ्या ॲम्प्लिफायर चिपवर १०१ पट. शेवटी ३.३ किलोओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा लोपास (त्यावरचं अडवणारा फिल्टर), सुमारे ४८० हर्ट्झचा. स्नायूच्या संकेताचा उपयोगी भाग २० ते ४५० हर्ट्झमध्ये असतो.

टीएल०७२ च्या पायरीत एक खोच आहे. त्या चिपचा स्वतःचा काही मिलिव्होल्टचा ऑफसेट, म्हणजे संकेत नसतानाही असणारा दाब, तोही १०१ पटींनी वाढतो आणि मधली रेघ अर्धा व्होल्ट सरकते. तिथे वाढ ठरवणाऱ्या १ किलोओहमच्या रोधाला एकसर १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घातला की स्थिर दाबासाठीची वाढ १ वर येते आणि हा प्रश्न संपतो. बाहेर पडणारा संकेत वर-खाली दोन्हीकडे जातो, तर उनोला ० ते ५ व्होल्टच कळतं. म्हणून १ मायक्रोफॅरडमधून संकेत नेऊन १००-१०० किलोओहमच्या दोन रोधांनी त्याचा मध्य २.५ व्होल्टवर बसवला. ॲम्प्लिफायरला ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आहेत, त्यामुळे पुढे १० किलोओहमचा रोध आणि दोन डायोड लावले नाहीत तर एखाद्या झटक्यात उनोची पिन जाते.

अंगाला इलेक्ट्रोड असताना सगळं बॅटरीवरच. लॅपटॉप यूएसबीनं जोडलेला असेल तर चार्जर भिंतीतून काढून ठेवायचा. दोन पिनांच्या चार्जरमधून थोडी गळती नेहमी होते. धातूच्या लॅपटॉपवर हात ठेवला की येणाऱ्या मुंग्या त्याच्याच. वैद्यकीय विद्युत उपकरणांच्या आयईसी ६०६०१-१ या मानकात अंगावर लावल्या जाणाऱ्या अशा भागांसाठी रुग्णातून जाणाऱ्या गळतीची सामान्य स्थितीतली मर्यादा १०० मायक्रोअँपिअर आहे. साध्या चार्जरवर विसंबून ती पाळली जाते असं म्हणता येत नाही. पुढे आम्ही ब्लूटूथ असलेल्या ईएसपी३२ या कंट्रोलरवर गेलो आणि माहिती ब्लूटूथनं पाठवली, म्हणजे माणूस आणि भिंत यांच्यात तारच उरली नाही. तिथे दाब ३.३ व्होल्टचा, म्हणून मध्य १.६५ वर आणला आणि वाढ कमी केली. ईएसपी३२ चं मापन दोन्ही टोकांना वाकडं आहे, संकेत मधल्या भागातच ठेवावा.

मग येतो ५० हर्ट्झचा गुणगुणाट. घरच्या विजेचा हा संकेत सगळ्या विद्यार्थ्यांना भेटतो आणि सगळ्यांचा पहिला उपाय तोच असतो: सॉफ्टवेअरमध्ये नॉच फिल्टर, म्हणजे नेमकी तेवढीच वारंवारिता कापणारं. ही घाई नको. स्नायूच्या संकेताची बरीचशी ताकद साधारण ५० ते १५० हर्ट्झच्या पट्ट्यात असते, आणि नॉच त्यातलाच तुकडा कापतो. शिवाय गुणगुणाट मोठा असणं ही खूण आहे. ॲम्प्लिफायर दोन्ही इलेक्ट्रोडवर सारखा येणारा आवाज रद्द करतो, पण दोघांचा त्वचेशी संपर्क सारखा असेल तरच. एक ओला आणि एक वाळलेला असला की रद्द व्हायचा आवाज फरक बनून आत शिरतो. फिल्टर लावण्याआधी इलेक्ट्रोड बदलून पाहावा, दोन तारा एकमेकींना पीळ देऊन आखूड ठेवाव्यात, चिकटपट्टीनं हातावर बसवाव्यात. एवढं केल्यावर बहुतेक वेळा नॉचची गरजच पडली नाही.

सर्वांत जास्त वेळ खाल्लेली चूक मात्र तारांमध्ये नव्हती. पडद्यावर १० हर्ट्झची एक संथ लाट सतत दिसायची. हात हलल्यामुळे असेल असं धरून आम्ही आठवडाभर पट्ट्या बदलत राहिलो. कारण वेगळंच होतं. प्रोग्राममध्ये प्रत्येक नमुना अक्षरांत, ९६०० बॉडच्या (सेकंदाला ९६०० बिटांच्या) वेगानं लॅपटॉपला पाठवला जात होता. म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं, एका नमुन्याला ओळ बदलण्याच्या खुणांसह सहा, म्हणून सेकंदाला जेमतेम १६० नमुने. विजेच्या आवाजाचा तिसरा हार्मोनिक, म्हणजे तिप्पट वारंवारितेचा भाग, १५० हर्ट्झचा. १६० च्या वेगानं मोजला की तो १० हर्ट्झचा दिसतो. ४५० हर्ट्झपर्यंतचा संकेत हवा तर किमान १००० नमुने हवेत. टायमरच्या इंटरप्टवर नेमक्या १ मिलिसेकंदानं नमुना घेतला, आकडा अक्षरांऐवजी दोन बाइटमध्ये आणि १,१५,२०० बॉडनं पाठवला, आणि लाट नाहीशी झाली. ‘डिले’ लिहून वेळ साधणं टाळावं. त्यात बाकीच्या ओळींचा वेळ मोजला जात नाही.

पुढची प्रक्रिया सोपी आहे. २०० मिलिसेकंदांच्या खिडकीतला वर्गमध्यमूळ (आरएमएस, म्हणजे संकेताची सरासरी पातळी) काढायचा, खिडकी ५० मिलिसेकंदांनी पुढे सरकवायची. सुरुवातीला ५ सेकंद हात सैल ठेवून पायाभूत पातळी घ्यायची, मग पूर्ण जोर लावून ३ ते ५ सेकंद, असं तीनदा, मध्ये मिनिटभर विश्रांती. मिटण्यासाठी त्या कमाल पातळीच्या २५%, आणि ती स्थिती सोडण्यासाठी १५%. एकच उंबरठा ठेवला तर त्याच्या आसपास बोटं थरथरत राहतात. संगणकावर नंतर बसून तपासताना पुढचे-मागचे दोन्हीकडचे नमुने वापरणारं फिल्टर फार छान निकाल दाखवतं, पण प्रत्यक्ष हाताला पुढचे नमुने कुठून मिळणार? जे फिल्टर हातात चालणार तेच तपासणीतही वापरावं. इच्छा आणि हालचाल यांत ३०० मिलिसेकंदांपेक्षा जास्त अंतर पडलं की हात आपला वाटत नाही, असं या क्षेत्रात सर्वसाधारणपणे धरतात. २०० ची खिडकी त्यातला मोठा वाटा घेते, म्हणून ती वाढवायचा मोह टाळला.

हाताबद्दल थोडक्यात. छपाईचं नेहमीचं प्लास्टिक, पीएलए, सुमारे ६० अंशांना मऊ पडतं, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत आमची दोन बोटं वाकली. त्याऐवजी पीईटीजी हे प्लास्टिक वापरावं. बोटं आडवी झोपवून छापावीत. उभी छापली की बिजागरीपाशी थर सुटतात. सांध्यांना सायकलच्या स्पोकचे तुकडे पिन म्हणून उत्तम बसतात. छापलेलं भोक नेहमी थोडं लहान येतं, ते ड्रिलनं साफ करायचं. ओढायला विणलेली मासेमारीची दोरी, एकेरी नायलॉन नको, ते ताणलं जातं. गाठीवर सुपरग्लू टाकू नये, दोरी तिथेच ठिसूळ होऊन तुटते. बोटांच्या टोकांना रबर हवं, नाहीतर ओला स्टीलचा ग्लास निसटतो.

पाच बोटांना पाच एमजी९९६आर सर्व्हो (सांगितलेल्या कोनात फिरणाऱ्या छोट्या मोटरी) लावायचा पहिला बेत सोडून दिला. एकेक ५५ ग्रॅमचा, आणि मनगटाच्या टोकाला असलेलं वजन कोपराला फार जड लागतं. अंगठ्याला एक आणि चार बोटांना मिळून एक, असे दोनच ठेवले. चार बोटांच्या दोऱ्या तराजूच्या दांडीसारख्या पट्ट्यांवर बांधल्या, म्हणजे एक बोट ग्लासला टेकून थांबलं तरी बाकीची पुढे मिटत राहतात.

हे दोन सर्व्हो अडकले की ६ व्होल्टवर प्रत्येकी २.५ अँपिअरपर्यंत खातात. बॅटरीचा दाब उतरवणारं एलएम२५९६ चं ३ अँपिअरचं मॉड्यूल तिथे कोसळतं, कंट्रोलर रीसेट होतो आणि धरलेली वस्तू पडते. सर्व्होंचा पुरवठा वेगळा, त्यावर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, आणि दोन्ही पुरवठ्यांची ग्राउंड एकाच बिंदूला. तरीही एक दोष राहिला: सर्व्हो फिरला की त्याचा आवाज इलेक्ट्रोडच्या तारांत शिरायचा, कंट्रोलरला तो स्नायूचा संकेत वाटायचा, आणि हात आपोआप उघड-मीट करायचा. तारा वेगळ्या बाजूंनी नेल्या, आणि प्रत्येक आज्ञेनंतर ३०० मिलिसेकंद येणारा संकेत दुर्लक्षित केला.

दोन हालचालींवरून पाचवर जाताना वर्गीकरण, म्हणजे संकेतावरून हालचाल ओळखायला यंत्राला शिकवणं, लागतं. सरासरी परिमाण, शून्य ओलांडणं, उतार बदलणं आणि तरंगाची लांबी ही १९९३ पासून रुळलेली चार वैशिष्ट्यं आणि साधा रेखीय भेदक (वर्ग वेगळे करणारी सोपी गणिती पद्धत) पुरेसा ठरला. इथे कळकळीनं एक सांगायचं आहे. खिडक्या एकमेकींवर चढलेल्या असतात. त्या सगळ्या पिसून काही शिकवायला आणि काही तपासायला घेतल्या, तर तपासणीतल्या खिडकीचा बराच भाग यंत्रानं आधीच पाहिलेला असतो. टक्केवारी नव्वदीच्या पुढे जाते, पोस्टरवर शोभते, आणि दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रोड पुन्हा लावले की हात चुकतो. एका दिवसाच्या नोंदींवर शिकवून दुसऱ्या दिवशीच्या नोंदींवर तपासावं. आकडा खाली येतो. तो खाली आलेला आकडाच छापावा, कारण हात वापरणाऱ्याच्या वाट्याला तोच येणार असतो. शिकवण्याच्या नोंदी हात लोंबता, कोपरात वाकवलेला आणि समोर उचललेला अशा तिन्ही स्थितींत घ्याव्यात. एकाच स्थितीत शिकलेलं यंत्र हात वर केला की गोंधळतं.

वापराची चाचणी म्हणून ठोकळ्यांची प्रमाणित चाचणी घेतली: २.५ सेंटीमीटरचे १५० लाकडी ठोकळे, मध्ये १५.२ सेंटीमीटर उंच आड, ६० सेकंदांत एकेक करून किती पलीकडे जातात ते मोजायचं. पेटी सुताराकडून करून घेता येते, फक्त मापं काटेकोर हवीत. पहिली फेरी सरावाची, ती मोजायची नाही.

पोस्टर लावण्याआधी पेटंटचा विचार करून घ्यावा. आविष्कारसारख्या विद्यापीठीय संशोधन स्पर्धेत रचना सगळ्यांसमोर मांडली की नावीन्याचा दावा अडचणीत येऊ शकतो. तात्पुरतं विवरणपत्र आधी दाखल करता येतं. शैक्षणिक संस्थेला ऑनलाइन अर्जाचं शुल्क १,६०० रुपये आहे आणि पूर्ण विवरणपत्राला १२ महिने मिळतात. तराजूच्या दांडीची कल्पना जुनीच आहे, आमचा दावा फक्त त्या पट्ट्यांच्या मांडणीपुरता होता.

प्रत्येक सत्राची नोंद एका वहीत, हातानं. इलेक्ट्रोडच्या पाकिटाची तारीख, कोपराच्या टोकापासूनचं अंतर टेपनं मोजून, खोलीचं तापमान, त्वचा कोरडी की घामट, सैल हाताची पातळी, पूर्ण जोराची पातळी. सत्र संपल्यावर इलेक्ट्रोड एका बाजूनं हळूहळू सोलून काढायचे, जेल ओल्या कापसानं पुसायचं आणि दहा मिनिटांनी ती जागा पुन्हा पाहायची. लाली उरली असेल तर तेही लिहायचं, आणि पुढच्या वेळी त्या माणसाला बोलावण्याआधी फोन करून ती गेली का ते विचारायचं.